बिरवाडीहून आणलेले चष्मे
दिवाळीत फटाक्यांच्या दारूचा वास आला, की पोलादपूरच्या वर डोंगरात असलेली आमची वाडी आठवते आणि थोरल्या भावाचा राग पुन्हा डोक्यात चढतो. शेताच्या राखणीसाठी त्याच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे दरडीला करवंट्या टेकवून हौसेने नेम धरायचो. मी तेव्हा महाडच्या कारखान्यात होतो. जत्रेतल्या काळ्या गॉगलचा काही भरवसा नव्हता, म्हणून बिरवाडीत कामगारांचं सामान मिळायचं त्या दुकानातून मी दोघांसाठी बाजूंनीही बंद असलेले जाड चष्मे आणि आवाज अडवणारे कानांवरचे मफ आणले. महागही नव्हते. दादाने त्याचे उकिरड्यावर भिरकावले. "बंदुकीचा आवाज सोसत नाय, तर चुलीम्होरं बस ना रे!" मी चष्मा लावला, कान झाकले आणि चाप ओढला. बार उडाला, तशी घोड्याखालची, ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी फुटली आणि तिचा तुकडा खाडकन माझ्या उजव्या काचेवर आदळला. खोल ओरखडा उठला. मी चष्मा त्याच्यापुढे धरला. "बघ दादा, याच्यामागे माझा डोळा होता." "तुला बंदूक धराया येत नाय," असं म्हणत त्याने ती हिसकावली आणि उघड्या कानांनी दुपारभर बार काढत राहिला. मी तिथूनच खाली उतरलो, पुन्हा कधी त्याच्याबरोबर गेलो नाही. आता त्याला नीट ऐकू येत नाही. घरातले सगळे मुद्दाम पुटपुटतात, असा त्याचा आरोप आहे. बाकीचे त्याच्याशी ओरडून बोलतात. मी आवाज चढवत नाही.