ओटी भरून निघालेली बंदूक

आमच्या घरात दोन वस्तू सरकारी कागदावर चढलेल्या होत्या. एक माझ्या सासऱ्यांची दुनळी बंदूक आणि दुसरी माझ्या यजमानांची मोटार. सासऱ्यांचा जीव बंदुकीत आणि यजमानांचा मोटारीत. मी कोणत्याच कागदावर नव्हते, पण दोन्हींच्या कामाला मात्र येत होते. कशी, तेच सांगते.

गाव आमचं शेलूबाजारापासून दोन कोसांवर, जंगलाला लागून. ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांचे कळप उतरत. एकदा कळप वावरात शिरला की सकाळी तिथे नुसती लोळवलेली ज्वारीची ताटं पडलेली दिसायची. आसपासच्या तीन गावांत परवान्याची बंदूक एकच, ती आमची. म्हणून सासऱ्यांना मान होता. राखणीचं नाव निघालं की लोक आमच्याच दारात यायचे.

परवान्याची मुदत वर्षाची. दर वर्षी बंदूक आणि बंदुकीचा धनी, दोन्ही वाशीमच्या कचेरीत साहेबापुढे उभे करायचे, नंबर ताडून बघायचा, शिक्का मारून आणायचा. यात चोरी कसली? पण लढाईचे दिवस होते. नाक्यावर मोटारी अडवत, आणि बंदूक दिसली की कागद बरोबर असले तरी माणसाला तासन् तास बसवून ठेवत. एका वर्षी मंगरूळच्या नाक्यावर यजमानांना असंच दुपारपर्यंत बसवलं, तोवर साहेब दौऱ्यावर निघून गेला, आणि पुन्हा आठ दिवसांनी खेटा घालावा लागला. तेव्हापासून आपली मोटार कोणी अडवूच नये याचं त्यांनी शास्त्र करून टाकलं.

आदल्या दिवशी नंबराची पाटी पुसून लख्ख करायची. बाजाराच्या दिवशी निघायचं नाही, कारण त्या दिवशी शिपाई जास्त असतात. नाका आला की भोंगा वाजवायचा नाही, वेग वाढवायचा नाही आणि एकदम कमीही करायचा नाही. काडतुसं पत्र्याच्या डब्यात पुढच्या सीटखाली. बंदूक उघडून, रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, जुन्या वाकळीत गुंडाळून मागच्या बाजूला खाली ठेवायची. आणि त्या वाकळीवर पाय ठेवून बसायचं मी.

ही माझी नेमणूक एका वर्षी आपोआप झाली. माझं माहेर वाशीमच्या पलीकडे. त्या वर्षी मी खरंच माहेरी निघाले होते. सासूबाईंनी ओटी भरली होती, गहू, नारळ, हिरवा खण, कपाळाला मळवट भरल्यासारखं कुंकू. नाक्यावरच्या शिपायानं आत डोकावून पाहिलं, माझी भरलेली ओटी पाहिली आणि काही न विचारता आडवा बांबू वर केला. आमच्याकडे रीतच आहे, ओटी भरून माहेरी निघालेल्या सासुरवाशिणीला वेशीवर अडवत नाहीत. अडवणाऱ्याला तिचा तळतळाट लागतो म्हणतात.

झालं. यजमानांच्या ते पक्कं ध्यानात राहिलं. पुढच्या वर्षापासून परवान्याची तारीख आली की सासूबाई माझी ओटी भरायच्या. माहेराचं नाव नाही. वाशीमला पोचलं की ओटी एका देवळात रिकामी करायची, कचेरीच्या आवारात मोटारीत बसून राहायचं आणि संध्याकाळच्या आत घरी. माहेर तिथून तीन कोस, पण तिकडे मोटार वळत नसे. मी एकदा यजमानांना म्हटलं, ‘‘परवाना हाये ना? मंग लपवता कायले?’’ तर म्हणाले, ‘‘तुले काय समजते? चूप बस.’’ कर नाही त्याला डर कशाला, असं शाळेत शिकलेला माणूस हा. मला राग यायचा, आणि तो मी भांड्यांवर काढायचे.

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगायची ते वर्ष. त्या कार्तिकात आमचा गडी तापानं पडला होता, म्हणून सासऱ्यांची भाकरी घेऊन वावरात मी गेले. दिवस मावळत होता. अंगावर काळपट लुगडं, डोक्यावर टोपलं, आणि ज्वारी माझ्याहून उंच. माचाणापासून वीसेक पावलांवर असेन. बार झाला. माझ्या उजव्या हाताकडची दोन-चार ताटं मधूनच तुटून माझ्या खांद्यावर पडली. मी मटकन खाली बसले.

माचाणावरून सासऱ्यांनी हाक मारली, ‘‘कोन हाये रे तिकडं? डुक्कर पळालं का?’’

मी उठले, टोपलं उचललं, चार पावलं मागे गेले आणि जणू आत्ताच येते आहे अशी बांधावरून गेले. म्हटलं, ‘‘मी हाव मामाजी. डुक्कर पळालं.’’ त्यांनी भाकरीसाठी हात पुढे केला तो टोपल्याच्या वीतभर डावीकडे. तेव्हा मी त्यांचे डोळे नीट पाहिले. बुबुळांवर दुधाची साय धरावी तसं झालं होतं. किती दिवसांपासून असेल कोण जाणे. घरात ते सवयीनं वावरत, भिंतीला हात लावून जात, आणि आम्हाला वाटायचं की म्हातारपण आहे.

घरी आल्यावर यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘कोनापाशी बोलू नको. सायबाले समजलं तं परवाना जाईन. अन् बाबाले समजलं तं बाबा जातीन.’’ झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकायची त्यांनी आणि छर्रे खायचे मी, किंवा उद्या दुसऱ्या कोणीतरी. शेजारच्या वावरात बायका-पोरं हरभरा खुरपत होती. मला रात्री झोप लागेना. त्या बंदुकीचा परवाना या वर्षी होऊ नये एवढंच मी देवाला मागत होते, आणि तिलाच पायाखाली घेऊन मला निघायचं होतं.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी ओटी भरली. सासरे यजमानांच्या शेजारी पुढे बसले, पांढरा पटका, अंगरखा, ताठ. मी मागे. मंगरूळचा नाका दिसला तसं मी मनाशी ठरवलं की शिपायानं आत पाहिलं की पदर मागे सारून सांगायचं, बाबा, ही बघ बंदूक, आणि याचा धनी आंधळा आहे. शिपाई नवीन होता, पिकल्या मिशांचा. त्यानं डोकावून पाहिलं, ओटी पाहिली, म्हणाला, ‘‘जा माय, सुखानं जा,’’ आणि बांबू वर केला. मी तोंड उघडलं होतं. नुसतं उघडलंच. भरल्या गाडीत, सासऱ्यांच्या पाठीमागून, परक्या माणसाला त्यांचं उणं सांगायचं हे माझ्याच्यानं झालं नाही. पुढे आसेगाव येईपर्यंत मी स्वतःलाच शिव्या देत होते.

कचेरीत काय झालं ते यजमानांनी नंतर सांगितलं. सासऱ्यांना बंदुकीचा नंबर तोंडपाठ. कारकुनानं विचारलं, यांनी खाडखाड सांगितला. सही सवयीनं केली. कागद कुठे आहे ते यजमानांनी बोट धरून दाखवलं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. अर्ध्या तासात शिक्का. बाहेर आले ते दोघं हसत. मी देवळात ओटी रिकामी करून मोटारीत बसलेच होते.

दर वर्षी आम्ही परत येताना दुसरीकडून, मालेगावच्या बाजूनं वळसा घालून यायचो. त्या वर्षी पेट्रोल मापानं मिळत होतं, वळशाला पुरलं नसतं. यजमान म्हणाले, शिपायाची पाळी बदलली असेल, आल्या वाटेनंच जाऊ. शिपायाची पाळी बदलली नव्हती.

त्यानं मोटार लांबूनच ओळखली आणि बांबू खाली टाकला. यजमान कागद काढायला लागले. पण शिपायाला कागद नको होते. तो लोटाभर पाणी घेऊन आला होता. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘‘माय, सकाळी माहेराले गेली ना तू? एवढ्यातच परत? काई वाईट झालं का व घरी?’’

या चुकीचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. भरल्या ओटीनं माहेरी गेलेली बाई त्याच दिवशी परत येते ती एकाच कारणानं, माहेरच्या दारातच कोणी वारल्याचं समजलं तर. त्या बिचाऱ्यानं आम्हाला अडवलं ते दुःख वाटून घ्यायला.

त्यानं रिवाजाप्रमाणे लोटा आधी वडीलधाऱ्यांपुढे धरला. सासरे समोर बघत बसले. लोटा त्यांच्या छातीपासून हातभर, आणि ते समोर बघतायत. ‘‘बाबा, पानी घ्या,’’ शिपाई म्हणाला. सासऱ्यांनी आवाजाकडे हात केला आणि लोट्याला धक्का लागून पाणी सांडलं. मी घाईनं पाय वर घेतले, वाकळ सरकली, आणि नळ्या दिसल्या.

शिपायानं कागद मागितला, शिक्का पाहिला, नंबर पाहिला. म्हणाला, ‘‘कागद तं सोळा आने खरा हाये. मंग बाईच्या पायाखाली काहून?’’ मग त्यानं सासऱ्यांना विचारलं, ‘‘बाबा, तुमाले दिसते ना?’’

‘‘दिसते ना. चांगलं दिसते,’’ सासरे म्हणाले.

त्या ‘चांगलं’नं माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, ‘‘मामाजी, कार्तिकात तुमी बार काढला ते डुक्कर नव्हतं. मी होती. भाकर घेऊन आली होती.’’

शिपायानं माझ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, कागद घडी करून यजमानांच्या हातात दिला. म्हणाला, ‘‘कागदात खोट नाई. मले तुमाले अडवता येत नाई. जा तुमी.’’ आणि त्यानं बांबू वर केला.

यजमानांनी गेअर टाकला. सासरे म्हणाले, ‘‘थांबव.’’ दार चाचपून उघडलं आणि खाली उतरले. ‘‘ठाना किती दूर हाये?’’ शिपायानं सांगितलं, हे काय, शंभर-दोनशे पावलं. ‘‘सुनबाई, बंदूक घे अन् चाल माह्यासंगं.’’ यजमान म्हणाले, ‘‘बाबा, घरी जाऊन बोलू.’’

वाकळ मोटारीतच राहिली. भर रस्त्यात सासऱ्याचा हात सुनेनं कसा धरायचा? म्हणून नळ्यांकडचं टोक मी धरलं, दस्त्याकडचं त्यांनी, आणि मी पुढे, ते मागे, असे आम्ही निघालो. लोक थांबून बघत होते. पदर डोक्यावरून घसरला तरी मी सावरला नाही, हात मोकळा कुठे होता.

अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, ‘‘लागलं होतं का व?’’

‘‘नाई मामाजी. बाजूचे ताटं तुटले.’’

‘‘किती बाजूचे?’’

‘‘हातभर.’’

त्यांनी दस्ता दोन्ही हातांनी धरला आणि चालत राहिले.

ठाण्यात हवालदारानं बंदूक जमा करण्याचं कारण विचारलं. सासरे म्हणाले, ‘‘लिव्हा, दिसत नाई. अन् सुनेवर बार काढला, तेही लिव्हा.’’ हवालदार म्हणाला, पहिलं पुरे आहे, दुसरं कशाला? सासऱ्यांनी दोनदा सांगितलं, पण त्यानं काही ते लिहिलं नाही.

त्या साली डुकरांनी कडेची ज्वारी खाल्ली. लोक डबे बडवत राखण करायचे आणि आम्हाला बोल लावायचे. यजमान महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. गावात विचारणाऱ्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं की लढाईमुळे सरकारनं बंदुका ओढून घेतल्या. लोकांनाही ते पटलं. सरकारवर काहीही खपतं.

एका संध्याकाळी ओसरीवर पाच-सहा माणसं बसली होती. तेच बोलणं निघालं, कोणीतरी सरकारला शिवी हासडली. मी आत दाराआड सुपारी कातरत होते. सासरे म्हणाले, ‘‘सरकारनं नाई नेली. मी माह्या सुनेवर बार काढला होता. तिनं दोन महिने पोटात ठेवलं. म्हनून मी देऊन आलो.’’

सुनेच्या बाबतीत आपलं चुकलं असं चारचौघांत सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही. मी अडकित्ता खाली ठेवला आणि तोंडात पदर कोंबून रडले.