कपाळावरची सूज आणि केळझरची रांग

देव माझ्याच कपाळावर येऊन का बसेल, ही शंका मला पहिल्या दिवसापासून होती. पण सासूबाईंपुढे ती बोलायची कशी? सर्दीने नाक कधीचं बंद होतं, डोकं ठणकत होतं, अंगात ताप होता. त्यातच एका सकाळी भुवयांच्या वर लिंबाएवढी मऊ सूज आली. सासूबाईंनी ती पाहिली आणि हातच जोडले. "सोंड निघून राह्यली व तुले! गणपती पावला!" लगेच शेंदूर लागला. दुपारपर्यंत गल्लीतल्या बाया पाया पडायला आल्या. एकीने विचारलं, "माह्या पोरीचं लग्न कवा जमंन?" मी कण्हत "आता बस" म्हटलं. तिने "आताच" ऐकलं आणि पेढे आणायला धावली.

खरं सांगते, हळूहळू मलाही वाटू लागलं, दवाखान्यात जाऊन देवाचा अपमान कशाला करा. चतुर्थीला आम्ही केळझरच्या गणपतीला गेलो. उंबऱ्यावर कपाळ टेकवलं मात्र, मी किंचाळलेच. "अंगात आलं!" सासूबाई ओरडल्या. रांग भराभर मागे सरली. सरली नाही ती फक्त माझ्यामागची एक अनोळखी बाई. तिने माझी हनुवटी धरून सुजेवर अंगठा दाबला. तिथे खड्डा पडला.

"नाकातून घाण वास येते काय?"

मी मान डोलावली.

"मी नाक-कान-घशाची डॉक्टर आहे. हा पू आहे, ताई. सायनसमधून कपाळाच्या हाडात गेलाय. असं क्वचितच होतं, पण इथून मेंदू लांब नाही. आत्ताच निघा."

"पन दर्शन?" सासूबाई अडल्या.

"तो कुठं जाऊन राह्यला? बसा गाडीत!"

डॉक्टरसोबत आलेल्या तिच्या म्हाताऱ्या आईचंही दर्शन हुकलं. वर्ध्यापर्यंत ती म्हातारी कुरकुरत होती, पण माझा हात तिने सोडला नाही. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. पू काढला, सडलेलं हाड खरवडलं. पुढे कितीतरी दिवस शिरेतून औषध चाललं.

निमूट सोसणं म्हणजेच देवाला शरण जाणं, असं मी समजत होते. त्या दिवशी मात्र मला फक्त एका परक्या बाईच्या गाडीत बसायचं होतं, आणि तेवढं बळ त्यानेच दिलं. वॉर्डात सासूबाई रोज सकाळी सलाईनच्या बाटलीला हळदीकुंकू लावायला निघायच्या. नर्स ओरडायची, "आजी, हात नका लावू!"

"मंग दुरूनच," म्हणत त्या हात जोडायच्या. पडल्या पडल्या मीही जोडायची.