राहत्या घराचं म्युझियम

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून शनिवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा गाडीत चार माणसं होती आणि लाल मिरच्यांची पोती इतकी होती, की माणसांना मिरच्यांवर पाय ठेवून बसावं लागलं. मिशिगनमध्ये एका शेतावर मॅसिडोनियन लोकांचं संमेलन होतं. मी मॅसिडोनियन नाही. मी इस्लामपूरकडची. पण गोरान म्हणाला, "सुमन, यू कम," आणि गोरानला नाही म्हणणं मला जमत नाही.

त्याचं कारण सांगते. आमच्या घरात शिकायचं एकानेच असं ठरलं होतं. दादा शिकला, डॉक्टर झाला, इकडे आला; मी सातवीनंतर घरी राहिले. दादाने त्याची जाण ठेवली आणि कागदपत्रं करून मला दोन हजार तीन साली बोलावून घेतलं. इथे आल्यावर नोकरी शोधायची तर जो तो विचारी, शिक्षण किती. गोरानच्या बेकरीत मात्र त्याने माझे हात बघितले, पिठाचा गोळा पुढे ठेवला आणि सोमवारपासून ये म्हणाला. तेव्हापासून त्याने हाक मारली की मी हातातलं पीठ सोडून धावते, की आता काय चुकलं. उपकार केलेल्या माणसाची भीती वाटते, हा काही माझा एकटीचा स्वभाव नसावा.

गोरानची बायको व्हायोलेटा पुढे बसली होती. मागे माझ्याशेजारी गोरानची आई, बाबा स्तोयना. त्यांच्यात बाबा म्हणजे आजी. मला सुरुवातीला फार चमत्कारिक वाटायचं, आता सवय झाली. बाबा वसंतात लेकाकडे आली होती आणि ऑक्टोबरच्या शेवटी परत जायचं तिचं तिकीट होतं. बेकरीत येऊन ती माझ्याशेजारी बसे. तिला इंग्रजी येत नाही, मला तिची भाषा येत नाही, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही. मला चार शब्द तिने शिकवले होते: पोलेका (हळू), दोस्ता (पुरे), आयदे (चल) आणि क्येर्को (मुली). एवढ्यावर अख्खा संसार चालतो.

आता फोरमबद्दल सांगायला हवं. फोरम म्हणजे इंटरनेटवरचा पार. आपल्या पारावरची माणसं निदान ऊन आलं की उठतात, इथे कोणी उठत नाही. गोरान दिवसभर पाव भाजतो आणि संध्याकाळभर देश वाचवतो. दक्षिणेकडच्या ग्रीक शेजाऱ्यांचं म्हणणं असं, की मॅसिडोनिया हे नाव आमच्या वाडवडलांचं, तुम्ही दुसरं शोधा. आपल्याकडे भाऊबंद बांधावरून भांडतात, हे नावावरून. त्यात सिकंदर नेमका कोणाचा, हा मोठा वाद. फोरमवर सगळ्यांना सिकंदराचं नाव घ्यायचं असतं आणि ते आधीच कोणीतरी घेतलेलं असतं, म्हणून पुढे आकडे लावून ॲलेक्झांडर दुसरा, तिसरा असं करत बसतात. गोरानला फारच उशीर झाला होता. त्याने सिकंदराच्या घोड्याचं नाव घेतलं.

त्यांचं गाव डोंगरात आहे. नाव मला उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. गावात आता उरलीत मोजकी म्हातारी माणसं. फोरमवर मात्र गाव तुडुंब आहे. शिकागोतली, डेट्रॉइटकडची, ऑस्ट्रेलियातली सगळी गाववाली तिथे नांदतात. गट आहेत, भावकी आहे, बहिष्कारसुद्धा आहेत. या गावाने उन्हाळ्यात ठरवलं, की आपल्या गावात म्युझियम हवं. त्यासाठी जुनं, लाकडी सज्जाचं, चुलीसकट जसंच्या तसं राहिलेलं घर हवं. असं घर गावात एकच होतं. फोटो टाकले, सगळ्यांना गहिवरून आलं, फोरमवर मतदान झालं. या संमेलनात रविवारी जेवणानंतर निकाल जाहीर व्हायचा होता.

घर बाबाचं होतं. बाबाला कोणी विचारलं नव्हतं.

हे मला गोरानने बेकरीत सांगितलं होतं. वर असंही, की निकाल लागला की आईचं तिकीट कॅन्सल करू, हिवाळ्यात एकटी तिथे काय करणार, इथे हीटिंग आहे. आणि आईला सांगू नकोस, सरप्राइज आहे. त्याचं आईवर प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. दर महिन्याला तिची औषधं तो स्वतः आणतो. पण आता गाडीत शेजारी बसून ती मला पिशवीतलं सफरचंद चिरून देत होती आणि मी फोडी रुमालात गुंडाळून ठेवत होते. चार शब्दांत मी तिला काय सांगणार होते? आणि सांगता आलं असतं तरी सोमवारी बेकरीत तोंड कसं दाखवलं असतं?

गॅरी गावाजवळ पोलाद कारखान्यांच्या चिमण्या आणि अंड्यासारखा वास लागला. पुढे पेट्रोलला थांबलो तिथे डिकी उघडताच एक पोतं उलटलं आणि मिरच्या घरंगळत पंपाखाली गेल्या. एक ट्रक ड्रायव्हर बिचारा वाकून गोळा करू लागला. गोरान त्याला म्हणाला, ही मॅसिडोनियन मिरची. ड्रायव्हरने विचारलं, ते मेक्सिकोत कुठे आलं. व्हायोलेटाने कपाळावर हात मारला. गोरानने त्याला सिकंदरापासून सुरुवात करून दिली. तो पहिल्या महायुद्धाजवळ पोचला तेव्हा मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, म्हणून ड्रायव्हर सुटला.

मग डाव्या हाताला तळं दिसू लागलं. तळं म्हणायचं म्हणून. पलीकडचा काठच नाही, रत्नागिरीला उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त खारा वारा नाही. मिशिगन लागल्यावर द्राक्षांचे मळे, सफरचंदाच्या बागा, रस्त्याकडेला भोपळ्यांचे ढीग. तासगावकडची द्राक्षं आठवली. पण मी काही बोलले नाही. मराठी माणसाने परदेशात कशाशी कशाची तुलना करावी याला काही धरबंध राहत नाही.

शेत होतं टोनी नावाच्या दातांच्या डॉक्टरचं. फोरमवरचा ॲलेक्झांडर सातवा तो हाच. फोरमवर तो इतकं जहाल लिहितो, की मला वाटलं दारात तलवार घेऊन उभा असेल. निघाला ठेंगणा, मऊ बोलणारा, गळ्यात ॲप्रन. जन्म इथलाच. मातृभाषेतली गाणी पाठ. भाकरी मागायची वेळ आली की इंग्रजी. प्रत्येकाने छातीवर आपलं फोरमवरचं नाव चिकटवलं होतं. ज्यांनी वर्षभर एकमेकांना देशद्रोही म्हटलं होतं ते नाव वाचून मिठ्या मारत होते आणि एकमेकांच्या गाड्यांचं मायलेज विचारत होते.

मी भारतातली असं कळल्यावर टोनीने मला चार लोकांत मधोमध उभं केलं. सिकंदर तुमच्याकडे आला होता, तर तुमच्या पुस्तकांत त्याला काय म्हणतात, तो कुठला? मला आमचं पाचवी-सहावीचं पुस्तक लख्ख आठवलं. त्यात तो ग्रीक होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, गोरान तर देव पाण्यात घालून. मी म्हटलं, मी शाळा लवकर सोडली, त्याचा धडा पुढच्या वर्षी होता. शाळा सोडल्याचा आयुष्यात प्रथमच एवढा उपयोग झाला.

दुपारपासून आय्‌वार (भाजलेल्या लाल मिरच्यांची घोटलेली चटणी) सुरू झालं. लांबट, जाड सालीच्या, गोडसर मिरच्या पत्र्यावर काळ्या होईतो भाजायच्या, झाकून घामेजू द्यायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि तेलात तासन्‌तास घोटायच्या. वास थेट वांग्याच्या भरताचा. सोलताना पाणी वापरावं की नाही यावर फोरमवर महिनाभर वाद झालेला, तो तिथे पुन्हा पेटला. पाणीवाले एका बाजूला, कोरडेवाले दुसऱ्या बाजूला. तेवढ्यात पत्र्यावरचा पहिला घाणा जळून कोळसा झाला. बाबाने दोघांना बाजूला सारलं, म्हणाली, "दोस्ता," आणि मला खुणेने पत्र्याजवळ बोलावलं. संध्याकाळपर्यंत ती, मी आणि व्हायोलेटा हात चालवत होतो. मायभूमीची चव टिकवणारे बाकी सगळे फोटो काढत होते.

रविवारी दुसरी कढई चढली. जेवायला मातीच्या भांड्यात भाजलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया, कोबीचं लोणचं आणि आमच्या बेकरीचा पाव. जेवण झालं आणि टोनीने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. बाबाची कढई दारातच होती, ती तिथूनच घोटत बघू लागली. मी तिच्याशेजारी. आत अंधार करून, चादर बांधून त्यावर फोटो दाखवायला सुरुवात झाली.

पहिल्याच फोटोत तिचा सज्जा. बाबाचा चेहरा असा फुलला की मला मान खाली घालावीशी वाटली. तिला वाटलं, हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. ती मला बोटाने दाखवू लागली, ती चूल, ते फडताळ, तो खिळा, नवऱ्याची टोपी त्यावर असायची. मग पुढचा फोटो आला. त्यात टोनीने कॉम्प्युटरवर दारावर म्युझियमची इंग्रजी पाटी चढवली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबाने व्हायोलेटाला विचारलं, माझ्या दारावर काय लिहिलंय. व्हायोलेटा नवऱ्याकडे बघू लागली. गोरान बुटांकडे. शेवटी व्हायोलेटानेच सांगितलं.

पुढचं जे बोलणं झालं ते व्हायोलेटाने बाबाला तिच्या भाषेत आणि माझ्या कानात इंग्रजीत उतरवलं, म्हणून मला सांगता येतं.

बाबा कढई सोडून आत गेली नाही. घोटणं चालू ठेवूनच तिने विचारलं, म्युझियममध्ये राहतं कोण?

टोनी हसून म्हणाला, म्युझियममध्ये कोणी राहत नसतं, बाबा.

"मग मी?"

"तू इथे, आमच्याजवळ, आई," गोरान म्हणाला. "तिथे कोण आहे तुझं?"

यावर ती रडेल असं मला वाटलं. तिने पळी कढईच्या काठावर आपटली, आत बसलेल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "बरं. घर घ्या. पण रिकामं घर दोन हिवाळ्यांत बसतं. छपरावरचा बर्फ ओढायला लागतो, चूल धुमसत ठेवावी लागते. तुम्ही एवढे सगळे गाववाले. एकेकाने एकेक हिवाळा येऊन राहा. पहिला कोण?"

शेडमधले सगळे चादरीवरच्या पाटीकडे बघू लागले. मग हळूहळू लोकांना आठवू लागलं. कोणाला ऑफिसमधून दोनच आठवड्यांची सुट्टी मिळते आणि ती फ्लोरिडाला बुक केलेली. कोणाची पाठ धरलेली. कोणाच्या मुलांचं सॉकर. आदल्या दिवशी सिकंदराच्या प्रश्नावर माझ्या तोंडाकडे बघणारा एक आडदांड गृहस्थ म्हणाला की त्याला थंडी बाधते.  गोरानच्या छातीवरचं घोड्याचं नाव अर्धवट सुटून लोंबत होतं.

टोनीने सभा सावरली. तो म्हणाला की मुद्दा महत्त्वाचा आहे, यावर फोरमवर नव्याने मतदान घेऊ.

"घ्या," बाबा म्हणाली. "निकाल लागेपर्यंत मी राहते तिथे."

मग तिने मला आयदे म्हटलं, कारण चटणी तळाला लागत होती.

परतताना गाडीत बरण्यांची किणकिण तेवढी होती. गॅरीच्या चिमण्या मागे पडल्यावर गोरानने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सुमन, तुला काय वाटतं? मी वाईट मुलगा आहे का?"  मालकाला काय सांगायचं? आणि बाबा शेजारी, माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली, तिला काय तोंड दाखवायचं? मी म्हटलं, "मुलगा चांगला आहेस. पण तिचं घर तिला आवडतं. तुला त्याचा फोटो आवडतो." माझ्या इंग्रजीत हे फारच उघडंवाघडं ऐकू आलं असणार. जास्त शब्द येत असते तर मी नक्कीच गुळमुळीत बोलले असते.  पुढच्या टोल नाक्यावर सुटे पैसे देताना तो व्हायोलेटाला म्हणाला, तिकीट राहू दे आहे तसं. व्हायोलेटा म्हणाली, मी कॅन्सल करणारच नव्हते.

नेपरव्हिलला दादाच्या घरी पोचले तर दिवाणखान्यात मराठी मंडळाची बैठक. ईमेलवर आठवडाभर पेटलेला वाद आता समोरासमोर चालला होता: गणपतीच्या जेवणात मोदक उकडीचे ठेवायचे की तळणीचे, त्यात अस्सल मराठी कुठले. आतल्या खोलीतून सगळ्यांची मुलं इंग्रजीत ओरडत होती, पिझ्झा कधी येणार. वहिनी म्हणाली, सांगा हो वन्सं, तुम्ही तर परवाच गावाहून आल्यासारख्या. परवा म्हणजे तीन वर्षं झाली होती. मी बरणी पुढे केली. दोन काकांनी चाखली, छान आहे म्हणाले आणि लगेच वादाला लागले.

मॅसिडोनियन लोकांना मी एवढी हसले, पण त्यांचं हसू येतं ते ओळखीचं आहे म्हणून. लांबून गाव फार सुंदर दिसतं. तिथे धूर नसतो, गळती नसते, भांडायला जिवंत माणूस नसतं. दादाला मी हे म्हटलं नाही. त्यानेही मला बोलावून घेतलंय, प्रेमानेच.

बाबा ऑक्टोबरात गेली. विमानतळावर तिने माझे दोन्ही गाल दाबले आणि क्येर्को म्हणून हाक मारली. आता फोरमवर गावचे लोक तिला आपल्या मातीचा अभिमान म्हणतात आणि गोरानकडे तिचे ताजे फोटो मागतात, चुलीजवळ बसलेले, शक्यतो डोक्याला रुमाल बांधून. गोरान रविवारी तिला फोन करतो. मग बेकरीत येऊन मला सांगतो, की छप्पर एका बाजूने गळतंय, शेजारीण भांडतेय, आई मजेत आहे. डिसेंबरात त्याने दोन आठवडे बेकरी व्हायोलेटाच्या आणि माझ्या हाती सोपवली आणि तिकडे जाऊन आला. येताना हाताला फोड होते. बर्फ ओढण्याचे, म्हणाला.

मतदान अजून चालू आहे. टोनीने मुदत दोनदा वाढवली आहे.