परत येणाऱ्यांचा आकडा

योकोहामाला कॉलेजात असताना माझा सेन्पाई, म्हणजे एक वर्ष पुढचा मुलगा, एक गेम बनवत होता. खेळणाऱ्याने देश चालवायचा: कर, रस्ते, शाळा. त्यात लोकांच्या वयाचा तक्ता घालायचं काम माझ्याकडे आलं. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, तळाला तान्ही मुलं, टोकाला म्हातारी माणसं. वर्षाचं बटण दाबलं की प्रत्येक पट्टी एक पायरी वर सरकायची.

पहिला प्रयोग त्याच्याच गावावर करायचं ठरलं. गाव समुद्राकाठचं. भूकंपानंतरच्या लाटेत तिथली शाळा गेली होती आणि त्याची आई त्या शाळेत शिक्षिका होती. शाळा पुन्हा बांधायची की मुलं बसने शेजारच्या गावात पाठवायची, यावर सभा होणार होती.

"तीस वर्षांनी गावात मुलं असतील, एवढं दिसलं तरी आईला पुरे," तो म्हणाला.

मी गावच्या कचेरीतले आकडे भरले आणि तीस वेळा बटण दाबलं. तळाच्या पट्ट्या बारीक झाल्या, पण टिकल्या. तो धावत जाऊन कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दिवसरात्र उघड्या दुकानातून, पाव घेऊन आला. "घ्या सेन्सेई, शाळा वाचवल्याबद्दल!" थट्टेने मला मास्तरीणबाई करत तो म्हणाला.

खाता खाता त्याने माझं काम तपासायला घेतलं. "बाहेर शिकायला गेलेले निम्मे परत येतात, हे कुठून घेतलंस?"

कचेरीच्या कागदात तो रकाना रिकामा होता. मीच तो भरला होता, आणि खरं सांगायचं तर फारसा विचारही न करता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांची पिठाची गिरणी आहे. मला निरोप देताना ते एवढंच म्हणाले होते, "शीक आणि घरी ये." शिकलेलं माणूस परत येतं, हे मी धरूनच चालले होते. निम्मे लिहिले तेव्हा तर मला वाटलं होतं, आपण हात राखूनच लिहितोय.

"सेन्पाई, तुमच्या वर्गातले किती परतले?"

"एक. त्याच्या वडिलांची होडी वाचली म्हणून."

"आणि तुम्ही जाणार?"

"तू जाणार?"

मी निम्म्याच्या जागी त्याच्या वर्गातलं प्रमाण घातलं आणि पुन्हा तीस वेळा बटण दाबलं. तळ गेला. आम्ही कर कमी केले, घरं फुकट दिली, रस्ता रुंद केला. काही केल्या तळ परत आला नाही.

शनिवारी आम्ही लॅपटॉप घेऊन त्याच्या गावी गेलो. तात्पुरत्या पत्र्याच्या वर्गात त्याच्या आईने आधी चहा दिला, मग विचारलं, "माझी पहिलीची मुलं यात कुठे?"

मी पट्टी दाखवली. त्यांनी स्वतः बारा वेळा बटण दाबलं, सावकाश. अठराव्या वर्षी पट्टी एकदम आखडली.

"कुठे गेली ही?"

"योकोहामाला," सेन्पाई खाली बघत म्हणाला.

"तुझ्यासारखी."

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "यात चूक असू शकते ना?"

मला हो म्हणायचं होतं. "होती," मी म्हणाले. "ती काढली."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मग सभेत बसची वेळ तेवढी विचारते. पहिलीच्या मुलांना फार लवकर उठवायला नको."