खड्डाऽऽ!

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर वेड्यात काढलंय. शून्यातून धंदा उभा केलेला माणूस आहे मी. डोळ्यांना दिसतं त्याचाच भाव ठरवतो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय… पण त्या लाजेचं कारण वेगळंच आहे.

मी सिंगापुरात वुडलँड्सला राहतो, मित्र हेमंत टॅम्पिनीसला. दर रविवारी चांगीच्या समुद्राकाठी आमची सायकल. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने मागच्यासाठी ओरडायचं, ही पुण्यापासूनची सवय. इथल्या गुळगुळीत रस्त्यावर तर हेमंत साध्या भेगेलाही "खड्डाऽऽ!" म्हणून बोंब ठोकायचा.

मागच्या वर्षी आम्ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने सायकलवर निघालो. काउंटी क्लेअरमध्ये एका घरी मुक्काम होता. सकाळी मी मालकीणबाईंना म्हटलं, आम्ही नाश्त्यातलं तुमचं बेकन-सॉसेज खात नाही, तेवढं भाड्यातून कमी करा. रास्तच होतं. बाई हसत होत्या, सौदा जमत आला होता… तेवढ्यात हेमंत मध्ये पडला. "सॉरी मॅडम, ही इज लाइक दॅट ओन्ली."

माझ्या वतीने माफी! परक्या बाईसमोर! तो राग अजून गेलेला नाही.

"तुला कुणी मध्ये बोलायला सांगितलं होतं?" बाहेर येऊन मी विचारलं.

"अरे, कुणाच्या तरी घरात राहिलो आपण. मंडईत नाही!"

मी तोंड फिरवून पुढे निघालो. पाऊस भुरभुरत होता. उतारावर पाण्याने भरलेला खड्डा दिसला. मी वळसा घातला… आणि ओरडलो नाही.

बराच पुढे गेल्यावर अगदी कानाशी हेमंतचा आवाज — "खड्डाऽऽ!"

करकचून ब्रेक दाबले. समोर रस्ता सपाट. मागे कुणीच नाही. दोन्हीकडे दगडी कुंपणं, पलीकडे मेंढ्या.

उलटा फिरलो. त्याच खड्ड्यात सायकल, शेजारी हेमंत, खांदा धरून पांढराफटक पडलेला.

"तू… तू ओरडलास का?"

"ओरडायचं काम तुझं ना रे? पुढे तू होतास." मग मलाच समजावत म्हणाला, "जाऊ दे, पाणी होतं. तुला दिसला नसेल."

"हो," मी म्हटलं.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. आता तो बरा आहे, रविवारी येतो. हॉकर सेंटरमधल्या टपरीवर चहा घेताना नव्या मंडळींना हमखास सांगतो, "एवढा तापलेला होता, पण माझ्यासाठी उलटा फिरला हा!"

तो आवाज कुठून आला, मला आजही कळलेलं नाही. हेमंतकडे विषय काढत नाही, कारण मग त्या खड्ड्याचंही निघेल. खाली मान घालून चहा पितो.