पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. डोळखांबकडच्या आमच्या गावात एवढ्या एका गोष्टीवर माझा मान होता. कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस वाकडातिकडा होत आमच्या ओटीवर यायचा, पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीला पाय लावायचे. बरेचसे उठून चालत घरी जायचे. मला यात काही नवल वाटत नव्हतं. गोंधळ सुरू झाला तो नव्वदच्या दशकात, शहापूरला अकरावी सायन्सला गेल्यावर.

पुस्तकात स्नायूंचा धडा होता. स्नायूत तंतूंच्या जुड्या, तंतूत आणखी बारीक तंतू, आणि त्यांत जाड नि पातळ धागे एकाआड एक. स्नायू आखडतो म्हणजे धागे आखूड होत असतील, असं मला वाटायचं. तर नाही! धागे तेवढेच राहतात. जाड धाग्यांची डोकी पातळ धाग्यांना धरून ओढतात आणि ते एकमेकांत सरकतात. इथवर ठीक. पण पुढे लिहिलं होतं, धरलेली पकड सोडवायलाही ऊर्जा लागते. सोडायला कसली आलीय ऊर्जा? हातातली पेंढी टाकायची तर नुसती टाकायची. शेवटी सरांना विचारलं, "सर, मग पाय लावून उसण कशी उतरते?" वर्ग खो-खो हसला. सर म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही." मला वर्गाचाही राग आला आणि पुस्तकाचाही.

पुढच्याच पावसाळ्यात, ऐन आमच्या लावणीच्या दिवशी, चुलीपुढून उठताना आईच्या पाठीत उसण भरली. तिला धड बसता येईना, धड उभं राहता येईना. सावडीच्या बायका, म्हणजे ज्यांच्या शेतात आई आधी राबून आली होती त्या, खाचरात पोचल्याही होत्या. मालकीणच घरी झोपून राहिली असती तर गावानं वर्षभर नावं ठेवली असती.

"पाय लाव गो," आई म्हणाली.

"त्यानं काय नाय होत, आई. आतल्या धाग्यांनी एकमेकांना धरलंय. सोडवायला ताकद लागते."

"मंग लाव ना ताकद! मला काय वर्गात बसवतेस?"

सख्ख्या आईला पाय लावायचा म्हणून माझ्या अंगावर काटा आला. शिवाय माझा विश्वास अर्धा उडालेला. अर्ध्या विश्वासाचा पाय चालतो का, तेही कळेना. तरी लावला, आणि लगेच वाकून नमस्कार केला.

"आदी लाथ, मंग नमस्कार," आई हसली. "उतरली बघ!" म्हणत उठली आणि निघालीसुद्धा. मी बघतच राहिले. मग पुस्तक खोटं?

दुपारी भाकऱ्या घेऊन बांधावर गेले. "पोरीचा पाय गुनाचा हाय हां," एक काकी म्हणाली. मी मनातून फुलले. मग आईकडे लक्ष गेलं. मूठभर रोपं संपली की बाकीच्या बायका कमरेवर हात ठेवून सरळ व्हायच्या. आई होत नव्हती. ती तशीच वाकलेली, ओठ दाताखाली धरून.

मी चिखलात उतरून तिच्याजवळ गेले. "आई, उतरली नाय ना?"

"हलू बोल," ती मान वर न करता म्हणाली. "आईचीच नाय उतरली म्हनल्यावर तुज्याकडं कोन येल?"