इथूनही भरता येतं

आमच्या गावात सप्ताहाची वर्गणी माणशी नसते, चुलीमागे असते. हनुमान जयंतीच्या आधी मंडळी पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतात. जिथे चूल पेटते तिथे एक पावती. भाऊ वेगळे झाले की त्या वर्षापासून दोन. कोण कोणापासून फुटलं हे तलाठ्याच्या आधी वर्गणीवाल्यांना कळतं. मी इंग्लंडात होतो ती सगळी वर्षं माझा मोठा भाऊ दोन पावत्या फाडत असे, एक त्याच्या चुलीची, एक माझ्या. माझी चूल गावात कधी पेटलीच नव्हती. लोक हसायचे, आणि तो म्हणायचा की धाकट्याची चूल जरा दूर आहे, एवढंच. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. तो गेल्यावर वहिनीकडून कळलं.

तिकडे मी एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होतो. उशिरा गेलो, चाळिशीच्या तोंडावर. तिथल्या सरकारची पेन्शन मिळायची तर ठरावीक वर्षांचा हप्ता भरलेला असावा लागतो. पगारातून तो आपोआप कापला जातो. वर्षं कमी पडली तर म्हातारपणी हाती काही नाही. लग्न राहून गेलं होतं, शेतीचं मला कळत नव्हतं, तेव्हा पुढे कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून मी ती वर्षं जपत होतो.

दोन वर्षं उरली होती तेव्हा भावाच्या किडन्या गेल्या. आमचं गाव संग्रामपूरच्या खाली, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं खारं पाणी पिऊन इथे घरोघर किडन्या जातात. इथे असं कोणाचं ऐकलं तर कोणी दचकत नाही, कोणत्या दवाखान्यात नेता एवढंच विचारतात. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खामगावला न्यावं लागे. लेक सासरी, त्यामुळे वहिनी एकटीच नेई. येताना तो पायावर उभा राहत नसे. त्याला स्टँडच्या बाकड्यावर बसवायचं, आपण गाडी बघायची, आणि मग कोणातरी अनोळखी माणसाला विनवायचं की दादा, जरा इकडून धरा. पैसे मी वेळेवर पाठवत होतो. पैशांची अडचण नव्हती. अडचण त्या दुसऱ्या बाजूनं धरणाऱ्या माणसाची होती.

फोनवर मी भावाला म्हणालो, दोन वर्षं राहिलीत, आत्ता सोडलं तर सगळं पाण्यात. तो हसला. बोलताना त्याला दम लागत होता.

"तू आपले वर्षं भर बे. मी कुठी जाऊन राह्यलो?"

आता जे लिहायचं ते लिहितो.

आमच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला एक केरळची बाई होती, माझ्याहून वयानं मोठी. ती काम सोडून गावी निघाली तेव्हा चहा पिता पिता मी विचारलं, तुमची वर्षं भरली का? ती म्हणाली, नाही, उरलेली गावाहून भरीन. इतकी वर्षं इथे काम केलेल्याला बाहेर गेल्यावरही आपल्या खुशीनं हप्ता भरता येतो, बहिणीनंही तसंच केलं. मला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, फोन करून सरकारी कचेरीत विचारलं. खरं होतं. माझ्यासारख्यालाही चालत होतं.

तेव्हा भाऊ जिवंत होता. त्याचं खामगावला जाणं नुकतंच सुरू झालं होतं.

मी कोणाला काही बोललो नाही. त्याच आठवड्यात पुन्हा त्याच्याशी बोलताना तेच वाक्य म्हणालो, दोन वर्षं राहिलीत.

का, ते मी स्वतःलाही पुष्कळ दिवस वेगवेगळं सांगितलं. खरं एवढंच की मला यायचं नव्हतं. माझी एक खोली होती, हिवाळ्यात उबदार असणारी. कामावरून आलो की दार लावायचं, मग कोणी काही विचारत नसे. एकटेपणा होता, पण तो अंगवळणी पडला होता. आणि लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली त्याला उचलून गाडीत घालायची मला भीती वाटत होती. भीतीला बरं कारण मिळालं. पेन्शन.

तो पावसाळ्यात गेला. मी तेरवीला पोचलो आणि मग परत गेलो नाही. जाण्यासारखं तिथेही काही नव्हतं.

उरलेली वर्षं भरायला संग्रामपूरच्या बँकेत गेलो. तिथला साहेब कागद उलटसुलट करून हसत म्हणाला, तुम्ही इथे, सरकार तिथलं, आणि खुशीनं भरताय? मीही हसलो. घरी वहिनीनं विचारलंच.

"भाऊजी, इथून भरता येते काय हे?"

मी म्हणालो, आता येतं, नियम नुकताच बदलला. ती हो म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. त्या वर्षी वर्गणीवाले आले तेव्हा तिनं एकच पावती फाडली. भाऊजी आमच्यातच आहेत, म्हणाली.

मी तिच्या चुलीवरचं जेवत राहिलो. पारावर बसलो की लोक चिडवायचे, तुमचं बरं हाये काका, पेन्शन तिकडची भेटन अन् भाकर इकडची. मी मान हलवायचो. दिवसभर माझ्याशी बोलायचं म्हणून बोलणारं कोणी नव्हतं. वहिनी बोलायची ते जेवायला या, एवढंच, पण ते रोज.

यंदा शेवटचा हप्ता भरून परत आलो तेव्हा शेजारची बाई ओसरीवर बसली होती. मी अंगणात होतो, त्यांना दिसलो नाही. ती म्हणत होती, सख्खा भाऊ, पण खांदा द्यायलेही नाही आला. वहिनीचा आवाज चढला. चढत नाही कधी.

"येताच येत नव्हतं त्याहिले. वर्षं अडकले होते त्याहिचे. मालूम नाही तर बोलू नये."

ती असं किती जणांना किती वेळा बोलली असेल.

शेजारीण गेल्यावर मी ओसरीवर गेलो. वहिनी तुरीची डाळ निवडत होती. भरला का, एवढं तिनं विचारलं. भरला, म्हणालो. मग उभ्यानंच सांगितलं.

"वहिनी, तेव्हाही इथून भरता येत होतं."

"तवा म्हणजे कवा?"

"दादा होता तेव्हा."

तिनं सुपातून वर पाहिलं नाही.

"अन् तुमाले मालूम होतं?"

"हो."

बोटं डाळीतून फिरत राहिली. एक खडा निघाला, तो तिनं बाजूला ठेवला.

"त्याहिले सांगतलं होतं तुमी?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं मला रोजच्यासारखं वाढलं. भाजी पुन्हा हवी का, तेही विचारलं. मला वाटलं, निभावलं. पन्नाशी ओलांडली तरी माणूस असा मूर्ख असतो.

चार-पाच दिवसांनी वर्गणीवाले आले. पाणी पिऊन झालं. पुस्तक उघडून एकानं सवयीनं भावाच्या घरची पावती लिहायला घेतली. वहिनी दारातूनच म्हणाली, "दोन फाडा. भाऊजीची चूल वेगळी हाये."

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गंमत करायची का, याचा अंदाज घेतला असेल, पण केली नाही. तिनं पदराच्या गाठीतून आपल्या चुलीचे पैसे दिले. मी खिशात हात घातला. नाव काय लिहू, त्यानं विचारलं. गावात माझ्या नावाची पावती आजवर भावाच्याच हातानं फाडलेली. मी माझं नाव सांगितलं.

सप्ताहाच्या शेवटी महाप्रसादाला रोडगे आणि वांग्याची भाजी होती. पंगतीत मी बसलो, बायकांच्या पंगतीत ती. दुसऱ्या दिवशी संग्रामपूरहून एक शेगडी, तवा आणि दोन पातेली आणली आणि मागच्या खोलीत मांडली. इस्पितळात शेकडो माणसांचं रांधलं, पण ज्वारीची भाकरी मला थापता येत नाही. पहिली तव्यावर टाकताना फाटली. भिंतीपलीकडे तिच्या परातीवरचा आवाज चालू होता. तो थांबेपर्यंत मी दुसरी थापायला घेतली नाही.